पाण्याचं मशीन आणि जांभळा कागद

वीज आणि पाणी एकाच डब्यात कोंडायचं आणि वर गिऱ्हाइकाला सांगायचं, "खुशाल वापरा, काही होत नाही." डहाणूत हा धंदा करणारा मी एकटाच होतो. २०१४ साली माझ्या वीस-एक वर्षं जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात पहिलं पाण्याचं मशीन बांधलं, तेव्हा शेजारच्या झेरॉक्सवाल्याने आमच्या मधल्या भिंतीला लावलेली कागदाची रिमं गुपचूप दुसऱ्या बाजूला हलवली. तोंडाने मात्र म्हणाला, "सावेकाका, तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे." असला विश्वास मला पुढे पुष्कळ मिळाला.

२०१९ मध्ये दुकान भाच्याच्या हाती दिलं. तोवर अशी चौदा मशिनं बांधून झाली होती. त्यातल्या बारांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण ती व्यवस्थित चालली. एक गिऱ्हाइकाने बिघडवलं आणि एक मी. लिहायचं ते या दोहोंबद्दलच.

आधी हे प्रकरण काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढे घोटाळा नको. कॉम्प्युटरच्या पोटात दोन निखारे असतात. एक प्रोसेसर आणि दुसरं ग्राफिक्स कार्ड. साध्या मशीनमध्ये त्यांच्या डोक्यावर पंखे बसवलेले असतात. काम वाढलं की निखारे तापतात, पंखे जोरात फिरतात आणि खोलीत पिठाची चक्की लावल्यासारखा आवाज होतो. पाण्याच्या मशीनमध्ये निखाऱ्यावर तांब्याची पोकळ चकती बसवतात, तिला ब्लॉक म्हणतात. पाणी त्या ब्लॉकमधून जाताना उष्णता उचलतं, नळीतून रेडिएटरमध्ये येतं, तिथे मोठे, संथ पंखे ती उष्णता बाहेर सोडतात. मग पाणी टाकीत येतं आणि पंप त्याला परत ढकलतो. झालं. गाडीच्या इंजिनात होतं तेच, फक्त धूर नाही.

यात पाणी हमाल आहे. उष्णता इथून उचलायची, तिथे टाकायची, एवढंच त्याचं काम. ते थंडगार नसतं, खोलीपेक्षा थंड तर कधीच होत नाही. पण "वॉटर कूलिंग" म्हटलं की लोकांना लग्नाच्या मांडवातला पाण्याचा कूलर आठवतो. एकाने मला विचारलं, वसंतभाई, बर्फ किती वेळाने टाकायचा? डहाणूतले निम्मे लोक मला वसंतभाई म्हणतात, निम्मे सावेकाका. मूर्ख प्रश्न दोन्हीकडून सारखेच येतात. चिकूचे एक मोठे व्यापारी मुलासाठी मशीन सांगायला आले होते. काचेची टाकी बघून खूश झाले आणि म्हणाले, "आमां माछली राखी शकाय?" म्हणजे यात मासे ठेवता येतील का. मी म्हटलं, "ठेवता येतील शेठ, पण संध्याकाळपर्यंत शिजतील." शेठ पक्के शाकाहारी होते. त्यांना विनोद आवडला नाही आणि ती ऑर्डरही गेली.

गिऱ्हाईक यायचं ते पाण्याच्या रंगापासून सुरुवात करायचं. काका, निळं हवं. काका, लाल दिव्यात लाल पाणी. मी टेप घेऊन उलट्या टोकाकडून सुरुवात करायचो. मशीन ठेवणार कुठे? त्या खोलीवर छप्पर कसलं? त्या खोलीत आणखी कोण बसतं-उठतं? लोकांना वाटायचं, म्हातारा चौकशा करतोय. पण परदेशी लोकांनी इंटरनेटवर टाकलेले तक्ते त्यांच्या गारठ्याच्या खोल्यांसाठी असतात. आमच्याकडे पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात पाणी नुसतं टाकीत ठेवलं तरी कोमट होतं. म्हणून माझा हिशेब असा, की दोन निखाऱ्यांमागे एक मोठा रेडिएटर, आणि वर मे महिन्याच्या नावाने एक जास्तीचा. त्यानंतर कॅबिनेटमध्ये ते मावतात का ते मोजायचं. मग ब्लॉक. इथे तर भल्याभल्यांची फजिती होते, कारण एकाच नावाच्या दोन ग्राफिक्स कार्डांची आतली मांडणी वेगळी असते. मी एकदा नुसतं नाव बघून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ब्लॉक मागवला होता. तो बसलाच नाही. घरी वाऱ्याने पेपर उडू नये म्हणून त्याच्यावर तो अजून ठेवतो. नळीचं माप आतूनही घ्यायचं आणि बाहेरूनही, आणि जोडणीचं फिटिंग त्या दोन्ही मापांना जुळणारं हवं. पंप नेहमी टाकीच्या खाली, कोरडा फिरला तर मेलाच समजा. आणि शेवटची गोष्ट म्हणजे धातू. ब्लॉक तांब्याचा असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच हवा. हे मी सगळ्यांना सांगायचो. जोर देऊन सांगायचो.

माझ्या दोन खास पद्धती होत्या, त्या कुठल्या तक्त्यात नाहीत. सगळं जोडून झालं की कॉम्प्युटरला वीज द्यायची नाही, नुसता पंप एक अख्खा दिवस चालवायचा आणि कुठे गळतंय का बघायचं. लोक त्यासाठी टिश्यू पेपर अंथरतात. पांढऱ्या कागदावर पांढरं पाणी काय दिसणार कपाळ? मी पतंगाचा कागद अंथरायचो. गुजरातची हद्द शेजारी, त्यामुळे संक्रांतीनंतर आमच्या बाजारात पतंगाच्या कागदाची भेंडोळी उरतात. त्यातला जांभळा सर्वांत चांगला. राईएवढा थेंब पडला तरी रंग पसरतो. दुसरी पद्धत म्हणजे आमच्या हिचं लाल नेलपॉलिश. टाकीचं झाकण बंद केलं की झाकण आणि टाकी यांच्या सांध्यावर एक टिपका द्यायचा. झाकण फिरवलं की टिपका तुटणार. गिऱ्हाइकाने हात लावला की नाही, ते मला एका नजरेत कळायचं.

आणि हात लावतात हो. डहाणूत गेम खेळायला देणारं एक दुकान होतं, त्याच्या मालकाला मी २०१५ साली मशीन दिलं. चार महिन्यांनी घेऊन आला, आत हिरवं शेवाळ. "काका, आईशप्पथ, हात नाही लावला." मी टाकी वळवून त्याला तुटलेला लाल टिपका दाखवला. तेव्हा म्हणाला, जरा कमी वाटलं म्हणून बोअरिंगचं पाणी थोडं टाकलं. थोडं! मी त्याला असं धुतलं की गल्लीत लोक जमले. त्या दिवसापासून मी मनात एक नियम लिहून ठेवला, की मशीन बिघडलं तर आधी गिऱ्हाईक खोटं बोलतंय असं धरायचं. हा नियम मला फार आवडायचा, कारण त्यात माझी चूक कधी निघत नव्हती.

आता वनिताची गोष्ट.

वनिता वेवजी गावची. बाप लहानूभाऊ गवंडी, आई लखमीताई चिकूच्या वाड्यांमध्ये रोजाने कामाला. पोरगी हुशार निघाली, मुंबईला जाऊन इमारतींची चलचित्रं बनवायला शिकली. इमारत बांधायच्या आधीच ती कॉम्प्युटरवर उभी करायची, आणि बघणारा तिच्यातून फिरून येतोय असं दाखवायचं, हे तिचं काम. तीन वर्षं तिथे नोकरी करत होती आणि लहानूभाऊंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा निम्मी गेली. आई रोज कामाला गेली नाही तर घर चालत नाही, आणि ती गेली तर बापाकडे कोण बघणार? वनिता परत आली. वापीच्या एका बिल्डरच्या ऑफिसने तिला घरी बसून करायला काम देऊ केलं. अट एकच, काम वेळेवर. नाहीतर तिथे येऊन बस.

ती २०१७च्या पावसाळ्याच्या अखेरीस दुकानात आली. मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. छप्पर पत्र्याचं. खोली एकच. त्याच खोलीत आणखी कोण?

"बाबा," ती म्हणाली. "दिवसभर पडून असतात. काका, मशीन चालू केलं की पंख्यांचा आवाज वाढतो आणि त्यांना सहन होत नाही. डाव्या हाताने खाट आपटत राहतात. मग मी बंद करते. काम राहतं."

"म्हणजे तुला गार नकोय, गप्प हवंय."

"हो. तेच."

एवढं नेमकं सांगणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. रंगाची मागणी नाही, दिव्यांची नाही. मी तिला म्हटलं, "पोरी, तुझ्या बाबांना मशीन चालू आहे की बंद, ते कळणार नाही. दिवाळीच्या आठ दिवस आधी तुझ्या घरी." शब्द दिला. शब्द द्यायची मला हौस फार.

सगळं सामान आलं, रेडिएटर सोडून. मुंबईचा दुकानदार म्हणाला, तांब्याचे मोठे रेडिएटर संपलेत, तीन आठवडे लागतील. दुकानात माझ्याकडे दोनांच्या जागी भागेल असा एक थोरला रेडिएटर होता, पण अ‍ॅल्युमिनियमचा, काळा रंगवलेला. उचलला की हलका लागायचा, म्हणून मला माहीत होतं. वनिताला फोन करून "तीन आठवडे थांब" म्हणणं एवढंच करायचं होतं. ती थांबली असती. पण मग सावेकाकांचा शब्द मोडला असता. मी मनाशी म्हटलं, पाणी डिस्टिल्ड घालतोय, त्यात गंज धरू नये म्हणून औषध घालतोय, काय होतंय?

त्याच दिवशी मोरूमामा दुकानात आला होता. हा खाडीवर होड्यांच्या इंजिनांचा मिस्त्री. जीपीएसचा डबा दुरुस्तीला टाकायला आला आणि सवयीने टेबलावरचं सगळं हाताळू लागला. त्याने खिळ्याने रेडिएटरच्या कडेला रेघ मारली, पांढरी उमटली. मग ब्लॉक उचलून बघितला.

"हे अ‍ॅल्युमिनम. हे तांबं. पाणी दोघांना एकच?"

"एकच."

"मग नाय टिकायचं. एक दुसऱ्याला खाणार. आमच्या होडीला पितळेचा पंखा असतो, म्हणून आम्ही बाजूला झिंकची वडी लावतो. वडी झिजते म्हणून बाकी राहतं. तुझ्यात वडी कुठंय? तुझ्यात कोण झिजणार?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्याच दुकानात मला माझाच नियम हा शिकवतोय! मी म्हटलं, "मोरूमामा, तुमचं समुद्राचं खारं पाणी. माझं औषधाच्या बाटलीतलं शुद्ध पाणी. होडी वेगळी, कॉम्प्युटर वेगळा."

"बरं," तो म्हणाला आणि जीपीएसची पावती घेऊन गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

दिवाळीच्या नऊ दिवस आधी मी मशीन वेवजीला पोचवलं. एक दिवस आधीच! चालू केलं, वनिताने तिचं जड काम लावलं आणि आम्ही तिघे लहानूभाऊंकडे बघत उभे राहिलो. त्यांनी खाट आपटली नाही. थोड्या वेळाने डोळे मिटले. लखमीताई त्यांच्या भाषेत पोरीला काहीतरी म्हणाल्या. घरात ती माणसं वारली बोलीत बोलायची, माझ्याशी मराठीत. वनिताने सांगितलं, "आई म्हणते, चालू आहे ना नक्की?" मी परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर गाणं म्हणत आलो. तो दिवस खरोखर चांगला होता आणि अजूनही मला तो चांगलाच आठवतो.

मार्चमध्ये वनिताचा फोन आला. मशीन दहा मिनिटांत तापून बंद पडतं, आणि वापीचं मोठं काम हातात आहे. मी दुपारी पोचलो. बाजूची काच काढली आणि बघितलं तर टाकीतलं पाणी भाताच्या पेजेसारखं झालेलं. पांढुरकं, तळाला गाळ.

"कुणी पाणी घातलं यात?"

"कुणी नाही, काका."

"बोअरिंगचं आहे हे. मला शिकवू नको. पंचवीस वर्षं झाली मला या धंद्यात."

"काका, मी झाकण उघडलंच नाही. तुम्ही सांगितलं होतं ना."

"तू नसशील. घरात आणखी कोण असतं?"

आणि माझी नजर दाराकडे गेली. लखमीताई कामावरून नुकत्याच आल्या होत्या, हातात तांब्या, नवऱ्याला पाणी पाजायला. त्या जागीच थांबल्या. म्हणाल्या, "मी त्याच्या आजूबाजूनं पुसून घेते, शेठ. फडका ओला असतो."

"झालं तर मग!" मी म्हणालो. "अहो, लाखमोलाची वस्तू आहे ही. हिच्याजवळ पाण्याचा थेंब आणायचा नाही. या खोलीतच आणू नका. इतकंही कळत नसेल तर मशीन कशाला घेता?"

ओल्या फडक्याने बंद टाकीत पाणी जात नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मला कळलं नाही, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. लखमीताई तांब्या घेऊन बाहेर गेल्या. लहानूभाऊंनी डाव्या हाताने खाट दोनदा आपटली. मशीन बंद होतं, आवाज काहीच नव्हता, माझ्याखेरीज. मला वाटलं, त्यांना तहान लागली असेल.

मशीन दुकानात आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी उघडायला घेतली आणि माझा हात झाकणावर तसाच राहिला. सांध्यावर लाल टिपका होता. अख्खा, कोरा करकरीत. वेवजीला तो बघायचं मला सुचलंच नव्हतं. तिथे मी बघायला नव्हतोच गेलो, सुनावायला गेलो होतो.

एकेक भाग उघडत गेलो तसं पुढचं सगळं दिसत गेलं. ब्लॉकमधल्या बारीक फटी पांढऱ्या गाळाने बुजलेल्या. रेडिएटर आतून खाल्लेला, आणि खालच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढं ओलं भोक. आणखी पंधरा दिवस गेले असते तर पाणी थेट ग्राफिक्स कार्डावर पडलं असतं आणि वनिताचं घरचं काम तिथेच संपलं असतं. तांब्याने अ‍ॅल्युमिनियम खाल्लं होतं. मोरूमामाने सांगितलं होतं त्यापेक्षा वेगळं काही झालं नव्हतं.

मी खाडीवर गेलो. ओहोटी होती, मोरूमामा चिखलात कलंडलेल्या होडीखाली बसून जुनी झिंकची वडी काढत होता. ती कुरतडलेल्या साबणासारखी झाली होती. मी रेडिएटर त्याच्या हातात दिला. त्याने तो उन्हाकडे धरून भोकातून बघितलं.

"कोण झिजलं मग?" त्याने विचारलं.

"रेडिएटर," मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि कामाला लागला. "सांगितलं होतं" असं तो म्हणाला नाही. या माणसाचा मला अजूनही त्याबद्दल राग येतो.

तांब्याचा रेडिएटर मुंबईत तेव्हाही नव्हता. माझ्या दुकानाच्या काचेत माझं स्वतःचं मशीन ठेवलेलं होतं. जाडजूड तांब्याचे दोन रेडिएटर, डहाणूत लोक मुद्दाम बघायला यायचे. ते मी उघडलं आणि दोन्ही रेडिएटर काढले. ब्लॉक उकलून, घासून, धुऊन घेतला. आमची ही म्हणाली, "आधी फोन करून सांगा ना त्यांना, तुमची चूक होती म्हणून." मी म्हटलं, "समोर गेल्यावर सांगतो, फोनवर बरं दिसत नाही." आणि वनिताला फोनवर सांगितलं, "काळजी करू नको, पहिल्यापेक्षा चांगलं करून देतो. चूक कुणाची ते राहू दे आता." ऐकायला किती मोठ्या मनाचं वाटतं बघा! पोरगी बिचारी "थँक्यू काका" म्हणाली. खरं सांगायचं तर माझा समोर गेल्यावरही सांगायचा बेत नव्हता. मशीन चालू झालं की सगळे विसरतील, असा माझा हिशेब होता.

आठव्या दिवशी सगळं घेऊन वेवजीला गेलो. त्या वाटेवरचे खड्डे बघता पाणी तिथे जाऊनच भरायचं ठरवलं होतं. लखमीताई त्या दिवशी कामाला गेल्या नव्हत्या. मी खोलीत जोडाजोडी करत होतो आणि त्या दारापाशी बसून होत्या. लहानूभाऊंनी खाट एकदा हळूच आपटली. लगेच माय-लेकी उठल्या. एकीने डावी बगल धरली, दुसरीने कंबर, आणि निम्मं अंग लुळं असलेल्या त्या दांडग्या माणसाला त्यांनी पाय फरफटत बाहेर ओट्यावर नेलं. तिथे माठ होता. लखमीताईंनी त्यांना पाणी पाजलं, पदराने तोंड कोरडं केलं, दोनदा तपासलं, आणि तसंच फरफटत आत आणून झोपवलं. दोघींना धाप लागली होती.

मी वनिताला विचारलं, "हे काय?"

"पाणी पाजायला," ती म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना. आई तेव्हापासून खोलीत पाण्याचा थेंब आणत नाही. मी घरी नसले की ती शेजारच्या बाईला हाक मारते."

"अगं, पण मशीन तर इथे नव्हतंच आठ दिवस."

"मी पण तेच म्हटलं. ती म्हणते, जागा तर आहे ना त्याची."

हातातलं फिटिंग मी खाली ठेवलं. कोण झिजलं, याचं मोरूमामाला मी अर्धंच उत्तर दिलं होतं. आठ दिवस, दिवसातून किती वेळा, देव जाणे. मला त्या क्षणी स्वतःची जी शरम वाटली, तशी आयुष्यात आधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

मी उठून दारापाशी गेलो आणि लखमीताईंच्या समोर जमिनीवर बसलो. त्या आणखी मागे सरकल्या.

"ताई, मशीन तुमच्यामुळे बिघडलं नव्हतं," मी म्हटलं. "त्यात कुणीच पाणी घातलं नव्हतं. मी घाईत चुकीचा भाग बसवला होता. चुकीचा आहे हे मला बसवतानाच माहीत होतं. तरी बसवला आणि तुमच्यावर ओरडलो."

वनिता माझ्याकडे वळली. लखमीताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग सावकाश विचारलं, "माझा फडका नव्हता?"

"नव्हता."

"मग तवा नीट बघितलं का नाय, शेठ?"

पंचवीस वर्षांच्या धंद्यात मला कुणी इतका सरळ प्रश्न विचारला नव्हता.  मी म्हटलं, "चुकलं माझं." त्यांनी ते मान्य केलं की नाही, कळलं नाही. त्या उठून मागच्या पडवीतल्या चुलीकडे गेल्या.  वनिता म्हणाली, "काका, मी पण आईला बोलले होते. तुम्ही म्हणालात म्हणून." आणि तीही उठून आईच्या मागे गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर फाशी द्यायला मी त्या माउलीच्याच पोटच्या पोरीला लावलं होतं.

मी एकटाच जोडणी पूर्ण केली. पाणी भरलं, झाकण लावलं. लाल टिपका दिला नाही, त्या घरात त्याची गरज नव्हती. खाली, बाजूला, कॅबिनेटच्या पुढे जमिनीवरही जांभळा कागद अंथरला आणि नुसता पंप चालू केला. दिवसभर बसायचं ठरवलं होतं, बसलो. दर थोड्या वेळाने वाकून बघायचं. कागद कोरडा. मला जेवण मिळालं, तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण. वाढणाऱ्या लखमीताईच होत्या.

मशीन पुढे चांगलं चाललं. २०१९ मध्ये मी दुकान सोडलं तोवर फक्त एकदा पाणी बदललं. वापीचं काम वनिताच्या हातून गेलं नाही, आणि तिला तिथे जाऊन बसावं लागलं नाही. माझ्या दुकानाच्या काचेतलं मशीन मात्र मी परत बांधलं नाही. भाचा विचारायचा, मामा, रिकामी काच वाईट दिसते. मी म्हणायचो, दिसू दे.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशी चार वाजताचं. बसून बसून कंटाळलो आणि पाय मोकळे करायला ओट्यावर गेलो. परत आलो तर जांभळ्या कागदावर डाग! कॅबिनेटच्या अगदी पायाशी, ओला, रंग पसरलेला.  गुडघ्यांवर बसलो, एकेक जोड बोटाने चाचपला. सगळे कोरडे. रेडिएटर कोरडा, पंप कोरडा, टाकी कोरडी. तोंडापर्यंत आलं होतं, कोण आलं होतं इथे?

मग डागाकडे नीट बघितलं. गळतीचा डाग वेडावाकडा असतो. हा चांगला गोल होता, बांगडीसारखा. शेजारच्याच खाटेवर लहानूभाऊ उताणे पडले होते, त्यांची हनुवटी ओली होती आणि ती कुणी अजून पुसलेली नव्हती. पलीकडे चुलीपाशी लखमीताई पाठमोऱ्या बसून तांब्या विसळत होत्या.

मी तोंड बंद ठेवलं. कागद बदलला नाही. तो डाग सुकेपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहिलो.